मुलांच्या उपचारांसाठी रुग्णालयांचं जाळं: ठाणे-नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बालरोगतज्ज्ञ, एसएनसीयूतल्या (आजारी नवजात बाळांच्या विशेष विभागातल्या) सिस्टर, शाळा-अंगणवाड्या तपासणारी पथकं आणि आजारी मुलांचे आईवडील पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरांत नवजात बाळांची उदाहरणं जास्त आहेत. नवजात विभागात बदल केला की परिणाम काही आठवड्यांत आकड्यांत दिसतो, म्हणून शिकायला तीच जागा सोयीची.

जाळं म्हणजे नेमकं काय?

काही रुग्णालयं एक आजार किंवा एक वॉर्ड निवडतात, त्यातली तीच गोष्ट त्याच पद्धतीने मोजतात आणि दर महिन्याला आकडे एकमेकांसमोर ठेवतात. ज्याचा आकडा चांगला, त्याच्याकडे काय वेगळं चालतं ते बाकीचे जाऊन बघतात आणि आपल्या वॉर्डात करून पाहतात. पुढे त्याच माहितीतून संशोधनाचे प्रश्नही सोडवता येतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, सीएमई (डॉक्टरांसाठीची व्याख्यानं), रेफर करण्यासाठीची फोन नंबरांची यादी हे सगळं उपयोगाचं आहे. पण तिथे कोणी काही मोजत नाही, त्यामुळे वर्षभरानंतर मुलांची तब्येत सुधारली का, हे सांगता येत नाही.

आमचं रुग्णालय मोठं आहे. आम्हाला एकट्याने हे का जमणार नाही?

मुलांचे गंभीर आजार मोठ्या माणसांच्या मानाने कमी असतात आणि ते असंख्य प्रकारचे असतात. त्यामुळे एकेका रुग्णालयाच्या वाट्याला आकडे फार छोटे येतात. समजा, तुमच्या १२ खाटांच्या विभागात रोज सरासरी ५ बाळांना सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या रक्तवाहिनीत घातलेली नळी, असते. महिन्याचे १५० 'लाइन-दिवस' झाले. एका बाळाला लाइनमधून रक्तात संसर्ग झाला, तर दर निघतो १००० लाइन-दिवसांमागे ६.७. पुढच्या महिन्यात एकही नाही, म्हणजे दर शून्य. यातून काम सुधारलं की नुसतं नशीब, हे कोणीही सांगू शकत नाही. अशाच आठ विभागांनी एकत्र मोजलं तर महिन्याला १२०० लाइन-दिवस होतात आणि तीन-चार महिन्यांत चित्र स्पष्ट व्हायला लागतं. दुर्मीळ आजारांत तर ही अडचण कितीतरी मोठी. वर्षाला दोन मुलं बघणाऱ्या डॉक्टरला स्वतःच्या अनुभवातून कोणता उपचार बरा हे कळायला आयुष्य पुरणार नाही.

याने खरंच फरक पडतो का?

सगळ्यात ठळक उदाहरण मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचं. १९६०च्या सुमारास अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियातून वाचणारी मुलं फारच थोडी होती. आज चांगली सोय असलेल्या देशांत सुमारे ९० टक्के मुलं वाचतात. औषधं नवी आली हे खरं, पण बरीचशी औषधं जुनीच आहेत. ती कोणत्या क्रमाने, किती, किती काळ द्यायची हे शेकडो रुग्णालयांनी एकाच आखणीनुसार उपचार करून शोधलं. अमेरिकेतले असे चार गट २००० साली एकत्र येऊन 'चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुप' झाला.

दुसरं उदाहरण जन्मतः हृदयाच्या रक्त ढकलणाऱ्या दोन कप्प्यांपैकी एकच नीट असलेल्या बाळांचं. पहिल्या आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या मधल्या महिन्यांत, घरी असताना, यातली काही बाळं अचानक दगावायची. अमेरिकेतल्या बालहृदयरोग केंद्रांच्या जाळ्याने घरी वजनकाटा आणि ऑक्सिमीटर देणं, आईवडिलांनी रोज नोंद ठेवणं आणि वजन वाढलं नाही की त्याच दिवशी फोन करणं, अशा साध्या गोष्टी सगळीकडे सारख्या केल्या. या मधल्या काळातले मृत्यू ९.५ टक्क्यांवरून ५.३ टक्क्यांवर आले. यात आईवडिलांच्या वहीचा वाटा मोठा आहे, आणि तो आपल्याकडे नेहमी विसरला जातो.

आतड्याच्या जुनाट दाहासाठी २००७ साली सुरू झालेल्या 'इम्प्रूव्हकेअरनाऊ' या जाळ्यात, क्रोन्स या त्यातल्या एका आजाराच्या मुलांच्या ज्या भेटींत आजार शांत आढळला त्यांचं प्रमाण पहिल्या काही वर्षांत ५५ वरून ६८ टक्क्यांवर गेलं. त्यासाठी नवं औषध शोधावं लागलं नाही. वजन-उंची, औषधाचा डोस, पुढची तारीख या गोष्टी प्रत्येक भेटीत न चुकता बघितल्या गेल्या.

हे परदेशातलं झालं. भारतात कुठे आहे?

आहे, आणि बरंच आहे. नॅशनल निओनॅटॉलॉजी फोरमने १९९०च्या दशकातच नवजात बाळांची सामायिक नोंद सुरू केली. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांनी एकत्र केलेला नवजात संसर्गाचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्याच रुग्णालयांत जन्मलेल्या ८८,६३६ बाळांपैकी दाखल झालेल्या बाळांकडे त्यात बारकाईने पाहिलं होतं. सर्वाधिक आढळलेला जंतू होता असिनेटोबॅक्टर, आणि त्यावर बहुतेक नेहमीची अँटिबायोटिकं चालत नव्हती. परदेशी पुस्तकातली जंतूंची यादी आपल्या वॉर्डाला लागू पडत नाही, हे या अभ्यासामुळे आकड्यांनिशी समोर आलं. बाल-ल्युकेमियासाठी देशातल्या मोठ्या केंद्रांनी 'आयसिकल' हा सामायिक अभ्यास उभा केला.

आपल्या अगदी दाराशी म्हणाल तर खारघरचं 'अ‍ॅक्ट्रेक' हे कर्करोगाचं उपचार-संशोधन केंद्र टाटा मेमोरियल सेंटरचा भाग आहे, आणि २०१२पासूनचं नॅशनल कॅन्सर ग्रिड, म्हणजे देशभरातल्या कर्करोग रुग्णालयांचं जाळं, टाटा मेमोरियलमधूनच चालतं. सरकारी रुग्णालयांसाठी २०२१पासून 'मुस्कान' ही बालसेवांच्या गुणवत्तेची तपासणी आहे. तिच्यासाठी भरलेल्या नोंदींतली निम्मी माहिती जाळ्यालाही चालते, ती दुसऱ्यांदा गोळा करू नका.

ठाणे-नवी मुंबईत कोणाकोणाला सोबत घ्यावं?

बाळ ज्या वाटेने जातं, त्या वाटेवरच्या सगळ्यांना. शहापूरहून नाशिक महामार्गाने ठाण्याकडे येणारं बाळ घ्या: प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, १०८ रुग्णवाहिका, ठाण्यातलं किंवा कळव्यातलं मोठं रुग्णालय आणि घरी परतल्यावर आशाताई. यातला एक दुवा बाहेर राहिला तर तिथे काय बिघडतं ते कोणालाच दिसत नाही. नवी मुंबईत महापालिकेची माता-बाल रुग्णालयं, वाशीचं सार्वजनिक रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालयं आणि खासगी एनआयसीयू (नवजात अतिदक्षता विभाग) असं मिश्रण आहे. तिथे सुरुवातीला महापालिका आणि खासगी अशा दोन्हींची किमान दोन-दोन रुग्णालयं असावीत, नाहीतर जाळं एका बाजूला झुकतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांनाही बोलवा. हा कार्यक्रम देशात सुरूच झाला तो ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमधून, आणि पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्यांची एकदा तपासणी ही पथकं करतात. हृदयाचा दोष, मोतीबिंदू, वाढीतला उशीर अशी मुलं सगळ्यात आधी त्यांनाच दिसतात.

पहिला विषय कोणता घ्यावा?

एसएनसीयू किंवा एनआयसीयूत दाखल होतानाचं बाळाचं तापमान. यंत्र महाग नाही, मोजायला काही मिनिटं लागतात आणि सुधारणा लवकर दिसते. शिवाय प्रसूतिकक्ष, भूलतज्ज्ञ, रुग्णवाहिका आणि वॉर्ड या सगळ्यांना एकत्र यावंच लागतं. अमेरिकेच्या नवजात संशोधन जाळ्यातल्या २००७च्या अभ्यासात, खूप कमी वजनाच्या बाळांचं दाखल होतानाचं तापमान १ अंश सेल्सिअसने खाली गेलं की मृत्यूची शक्यता सुमारे २८ टक्क्यांनी जास्त आढळली होती.

तापमान तर सगळेच मोजतात. त्यात ठरवण्यासारखं काय?

इथेच बहुतेकांची गाडी अडते, म्हणून सविस्तर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने नवजात बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावं. ३६.० ते ३६.४ म्हणजे बाळ गारठायला लागलंय, ३२.० ते ३५.९ मध्यम आणि ३२च्या खाली तीव्र. आता दोन रुग्णालयांची रजिस्टरं शेजारी ठेवा. एका ठिकाणी बाळ आल्या आल्या काखेत थर्मामीटर लावतात. दुसरीकडे आधी वॉर्मर या ऊब देणाऱ्या यंत्राखाली ठेवतात, लाइन लावतात, आईचा केसपेपर शोधतात आणि वीस मिनिटांनी तापमान लिहितात. तोवर बाळ ऊबेला आलेलं असतं. कागदावर दुसरं रुग्णालय उत्तम दिसतं. काही जण वॉर्मरच्या प्रोबचा (बाळाच्या अंगाला चिकटवलेल्या तारेचा) आकडाच उतरवतात. तो त्वचेचा आकडा आहे, काखेचा नाही, आणि प्रोब सुटली असेल तर तो काहीही दाखवतो. तिसरीकडे नेहमीचा ताप मोजायचा पाऱ्याचा थर्मामीटर असतो. तो ३५च्या खाली उतरतच नाही, त्यामुळे ३३ अंशांचं बाळही रजिस्टरमध्ये ३५ होतं. आणि एखादी पाळी फॅरेनहाइटमध्ये लिहिते (३६.५ म्हणजे ९७.७).

म्हणून व्याख्या एका वाक्यात बांधा: "वॉर्डात आल्यावर ५ मिनिटांत, वॉर्मर किंवा पेटीत ऊब मिळण्याआधी, कमी तापमान दाखवणाऱ्या डिजिटल थर्मामीटरने, काखेत, सेल्सिअसमध्ये." काख आधी कोरडी करायची, थर्मामीटरचं टोक काखेच्या मध्यावर ठेवायचं, दंड अंगाशी धरायचा आणि बीप होईपर्यंत हलवायचं नाही. सोबत मोजल्याची वेळ लिहायची. आपल्याच रुग्णालयात जन्मलेली आणि बाहेरून आलेली बाळं वेगळी मोजायची, कारण दोघांच्या गारठण्याची कारणं वेगळी असतात.

बाळं गारठतात कुठे?

जन्मल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांत आणि वाटेत. बाळ ओलं असतं, अंगावरचं पाणी उडताना ऊब घेऊन जातं. प्रसूतिकक्षात किमान २५ अंश तापमान हवं, पण शस्त्रक्रिया कक्षात एसी २०-२१वर असतो, कारण गाऊन घातलेल्या डॉक्टरांना उकडतं. हे भूलतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ समोर असतानाच ठरवावं लागतं. कोरडी दुपटी आधी वॉर्मरखाली गरम करून ठेवायची. एक पुसायला, दुसरं गुंडाळायला, आणि ओलं झालेलं लगेच काढायचं, ही पायरी सर्वांत जास्त वेळा सुटते. टोपी हवीच. गर्भाचे ३२ आठवडे भरण्याआधी जन्मलेलं बाळ असेल तर न पुसता मानेपर्यंत स्वच्छ प्लॅस्टिक पिशवीत ठेवून वॉर्मरखाली घ्यायचं, आणि डोकं पुसून टोपी घालायची.

वाटेत, बाळ श्वास नीट घेत असेल तर आईच्या छातीशी, कांगारू पद्धतीने आणणं सर्वांत भरवशाचं. सिझेरियन झालेली आई येऊ शकत नसेल तर वडील किंवा आजी हे करू शकतात. रुग्णवाहिकेतल्या माणसाने त्यांना शर्टाची बटणं उघडून बाळ कसं ठेवायचं हे दाखवायला हवं.

किती वेळा भेटायचं?

एका विषयासाठी १२ ते १८ महिने धरा. त्यात दिवसभराच्या तीन बैठका, त्यांच्यामध्ये दर महिन्याला तासाभराचा व्हिडिओ कॉल. प्रत्येक रुग्णालयातून किमान तिघं: एक डॉक्टर, इन्चार्ज सिस्टर आणि नोंदी ठेवणारी व्यक्ती. कॉलवर नुसते डॉक्टर बोलत असतील तर काम वॉर्डात पोचत नाही. कॉलची वेळ सिस्टरच्या पाळीप्रमाणे ठेवा, दुपारी अडीच-तीनच्या सुमारास पाळी बदलते तेव्हा अजिबात नको.

बदल एकदम सगळीकडे करायचा का?

नाही. एका पाळीत, एका सिस्टरने, एका बाळावर करून बघायचा. काय अडलं ते लिहायचं, दुरुस्त करायचं, मग पाच बाळांवर, मग पूर्ण आठवडा. उदाहरणार्थ, दुपटी गरम करायचं ठरलं आणि पहिल्याच रात्री कळलं की कपड्यांचं कपाट कुलूपबंद असतं आणि किल्ली दिवसपाळीकडे. परिपत्रक काढून ही अडचण कधीच वर आली नसती.

सुधारणा झाली हे कसं ओळखायचं?

रन चार्ट काढा. आडव्या रेषेवर आठवडे, उभ्या रेषेवर ३६.५ ते ३७.५ मध्ये दाखल झालेल्या बाळांची टक्केवारी, मध्ये मध्यकाची (आकडे क्रमाने लावले की मधोमध येणाऱ्या आकड्याची) रेघ. सलग ६ किंवा जास्त बिंदू रेघेच्या एकाच बाजूला असतील, किंवा सलग ५ बिंदू चढत वा उतरत गेले असतील, तर काहीतरी खरोखर बदललंय. रेघेवरच पडलेला बिंदू धरायचा नाही. मध्यक काढायला निदान १० बिंदू लागतात, म्हणून नोंद आठवड्याची ठेवा. महिन्याची ठेवली तर वर्ष निघून जातं. ज्या आठवड्यात बदल सुरू केला तिथे तारखेसह खूण करा.

महिन्याला वीसच बाळं येत असतील तर टक्केवारीने घाबरून जाऊ नका, आठवड्याला पाच बाळं आली तर एक बाळ म्हणजे २० टक्के. संसर्गासारखी क्वचित घडणारी गोष्ट असेल तर 'मागच्या संसर्गानंतर किती दिवस गेले' हे मोजा. सिस्टरना आणि मावशींनाही तो आकडा भिंतीवर बघून समजतो.

आमचे आकडे वाईट आले तर बदनामी होईल ना?

ही भीती रास्त आहे आणि तिचा बंदोबस्त पहिल्याच बैठकीत करायला हवा. लेखी ठरवा: आकडे जाळ्याच्या आतच राहतील, कोणाच्याही जाहिरातीत किंवा प्रसिद्धीपत्रकात येणार नाहीत, आणि त्यावरून कोणत्याही सिस्टरला मेमो मिळणार नाही. पहिले सहा महिने रुग्णालयांना नावांऐवजी अक्षरं द्या. पुढे विश्वास बसला की नावं खुली करा, कारण चांगलं काम कुठे चाललंय हे कळल्याशिवाय शिकायला कोणाकडे जाणार? बाहेरून रेफर झालेली गंभीर बाळं घेणाऱ्या रुग्णालयाचा मृत्युदर जास्तच असणार. त्याची तुलना प्रसूतिगृहाशी करणं अन्याय आहे. तुलना स्वतःच्या मागच्या वर्षाशी करा.

खर्च किती आणि माणसं किती लागतात?

यंत्रांचा खर्च किरकोळ, माणसाच्या वेळेचा मोठा. आठ रुग्णालयांमागे एक पूर्णवेळ समन्वयक आणि प्रत्येक ठिकाणी रोज अर्धा तास नोंदीसाठी मोकळा केलेला एक माणूस, एवढं लागतंच. 'सिस्टर ड्युटीनंतर भरतील' असं ठरवलेली माहिती तिसऱ्या महिन्यात थांबते. फॉर्म १२-१५ रकान्यांच्या वर जाऊ देऊ नका. प्रत्येक रकान्यासमोर विचारा, याचं आपण काय करणार? उत्तर नसेल तर रकाना काढा.

नीतिसमितीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) परवानगी लागते का?

आधीच मान्य असलेली काळजी नीट पोचवण्यासाठी वॉर्डात मोजमाप करणं ही गुणवत्ता सुधारणा. नवीन ज्ञान मिळवायचं, गट पाडून तुलना करायची किंवा निष्कर्ष प्रसिद्ध करायचे, तर ते संशोधन. सीमारेषेवर असाल तर समितीला आधीच लेखी विचारा. काम झाल्यावर मागे जाऊन परवानगी मिळत नाही. अनेक केंद्रांच्या संशोधनासाठी आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत सामायिक परीक्षणाची सोय आहे, त्यामुळे आठ समित्यांचे आठ निराळे आक्षेप टळू शकतात. औषधाची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी भारतीय क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंद सक्तीची आहे.

आमच्या मुलाचं नाव बाहेर जातं का?

जाऊ नये. मुलाला एक सांकेतिक क्रमांक द्यायचा आणि नाव-क्रमांकाची यादी तुमच्या रुग्णालयातच कुलपात राहायची. जन्मतारखेऐवजी दिवसांत वय, पत्त्याऐवजी फार तर तालुका. गावचं नाव आणि दुर्मीळ आजार एकत्र आले की मूल ओळखू येतं, हे लक्षात ठेवायला हवं. केसपेपरचे किंवा बाळाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचे नाहीत. तसं दिसलं तर पालकांनी जरूर हरकत घ्यावी.

संशोधनाला नाही म्हटलं तर उपचारावर परिणाम होतो का?

नाही. हा तुमचा हक्क आहे आणि संमतिपत्रात तसं मराठीत लिहिलेलं असायला हवं. मध्येच बाहेरही पडता येतं.

मुलालाही विचारावं लागतं का?

हो. संमती आईवडिलांची, पण आयसीएमआरच्या तत्त्वांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढे १८पर्यंत लेखी सहमती घ्यायची. दहा वर्षांच्या मुलीला 'अजून दोनदा रक्त काढणार आहोत, चालेल का?' असं तिला समजेल तसं विचारायचं, आणि ती नाही म्हणाली तर ऐकायचं.

पालकांचं यात काम काय?

पहिल्या बैठकीपासून दोन पालक तरी खुर्चीवर असावेत, एक सरकारी रुग्णालयातून आणि एक खासगीतून. एकटे पालक डॉक्टरांच्या घोळक्यात गप्प बसतात. त्यांच्या गाडीभाड्याची आणि बुडालेल्या रोजाची भरपाई करा. डिस्चार्ज कार्ड त्यांना वाचायला द्या, कळत नाही त्या ओळींखाली रेघ मारायला सांगा. कर्करोगाच्या मुलांचे उपचार मध्येच का सुटतात, हेही त्यांच्याकडूनच कळतं: केमो फुकट मिळते, पण शहापूरहून दर आठवड्याला येणं, धाकट्या भावंडाला कोणाकडे ठेवायचं आणि राहायचं कुठे, यावर सगळं अडतं.

आमचं दहा खाटांचं नर्सिंग होम आहे. आम्हाला जागा आहे का?

आहे. तुम्ही एकच नोंद द्या: रेफर करताना निघतानाचं तापमान आणि वेळ. पोचल्यावरचा आकडा मोठं रुग्णालय देईल. दोन्ही जोडले की वाटेत काय झालं ते कळतं.

अशी जाळी मोडतात कशामुळे?

उत्साही डॉक्टरची बदली होते आणि मागे कोणी नसतं, म्हणून सुरुवातीपासून दोन नावं ठेवा. रेसिडेंट (शिकाऊ) डॉक्टर काही महिन्यांनी बदलतात, तेव्हा व्याख्येचा कागद थर्मामीटरच्या ट्रेमध्येच चिकटवलेला असावा. आकडे वरिष्ठांकडे जातात पण परत येत नाहीत, मग सिस्टरना ते आणखी एक रजिस्टर वाटतं. आलेख दर सोमवारी वॉर्डात लागलाच पाहिजे. आणि पहिल्याच वर्षी पाच विषय घेतले जातात. एकच घ्या.

पहिल्या बैठकीला काय घेऊन यायचं?

मागच्या १० दाखल बाळांची नोंद, आहे तशी. तापमान लिहिलेलं नसेल तर रकाना कोरा ठेवा, नंतर आठवून भरू नका. तुमच्या वॉर्डातला थर्मामीटर सोबत आणा, तो कितीपासून मोजतो ते तिथेच बघू. आणि इन्चार्ज सिस्टरची त्या दिवसाची ड्युटी आधीच बदलून घ्या, म्हणजे त्या येऊ शकतील.